बाटलीवरची रेघ

ती. आत्या,

भाचीचा वाकून नमस्कार. वाकताना कंबरेतून आवाज आला, तो नमस्काराचाच भाग समज. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना आधी तो कुरकुरतो आणि मग तू, की आता दोघं एकदमच? आतोबांची भूक, झोप आणि चष्मा (म्हणजे ठेवल्या जागी सापडतो का) याबद्दल सविस्तर कळव. "बरं आहे" एवढंच लिहू नकोस. तुझ्या "बरं आहे"वर मी गेली तीस वर्षं विश्वास ठेवलेला नाही.

तुझं पत्र मिळून आज बावीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत उत्तर नाही म्हणजे तू एव्हाना पोस्टमनवर संशय घेतला असशील, मग समोरच्या शेजारणीवर, आणि मग पुन्हा पोस्टमनवर. दोघंही निर्दोष आहेत. पत्र मिळालं. सात वेळा वाचलं आणि दर वेळी ते तेवढंच भरलं: "यांना ते पान द्यायचं की नाही, एवढंच लिही. द्यायचं असेल तर डॉक्टरच्या गोळ्या बंद करू का? त्या घेतल्या की यांना मळमळतं." दोन ओळींचा प्रश्न आणि त्याला एका शब्दाचं उत्तर पुरेल, हे मला मान्य आहे. पण तो शब्द नुसता लिहून पाठवला तर तू त्याच्यावर संशय घेशील, आणि घ्यायलाच हवास. आपल्या घराण्यात कुणी काही सांगितलं की ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग त्याच्या खिशाकडे. तेव्हा तो शब्द लिहायला मी कुठल्या रस्त्याने आले ते आधी वाच. रस्ता लांब आहे. गुडघ्याखाली उशी घे.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं हे मी तुला फोनवर दोनदा सांगितलं आहे, पण दोन्ही वेळा तू मध्येच "थांब, दूध बघून येते" म्हणालीस. म्हणून लिहूनच सांगते. आम्ही विसरण्याच्या आजारावर काम करतो. मेंदूच्या पेशींत एक प्रथिन असतं. ते नीट घडी घातलेलं असतं, तुझ्या कपाटातल्या टॉवेलांसारखं. आजारात ही घडी विस्कटते. विस्कटलेलं एक दुसऱ्याला चिकटतं, त्या दोघांना तिसरं, आणि असं करत करत गुठळ्या होतात. तेच प्रथिन आम्ही काचेच्या नळीत घेतो, त्याच्या गुठळ्या होऊ देतो आणि निरनिराळ्या झाडपाल्यांचे अर्क घालून बघतो की कशाने त्या कमी होतात का. गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून नळीत एक रंग घालायचा. हा रंग एरवी गप्प असतो, गुठळीवर जाऊन बसला की चकाकतो. किती चकाकला ते यंत्र आकड्यात सांगतं. उजेड जास्त तर गुठळ्या जास्त, उजेड कमी तर गुठळ्या कमी. झालं. एवढंच आहे. (एवढं कळायला मला सहा वर्षं शिकावं लागलं, हे तू कुणाला सांगू नकोस.)

तर गेल्या वर्षी मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा मागच्या दाराशी असलेल्या त्या झुडपाची पिशवीभर पानं तू माझ्या सामानात कोंबलीस. "याला किडा लागत नाही, गाय तोंड लावत नाही, काहीतरी असणार यात" हे तुझं शास्त्रीय निवेदन. आमच्या मोठ्या सरांना ते मी जसंच्या तसं सांगितलं तर ते म्हणाले, "चांगलं निरीक्षण आहे." (बघ. मला ते असं कधी म्हणालेले नाहीत.) तुझ्या झुडपाला नंबर मिळाला सत्तेचाळीस. पानं सावलीत वाळवली, दळली, अर्क काढला. काळपट हिरवा, पावसाळ्यातल्या हौदासारखा. तो नळीत घातला आणि यंत्राचा आकडा धाडकन खाली आला. जवळजवळ शून्य. सेहेचाळीस झाडांनी वर्षभरात जे केलं नव्हतं ते तुझ्या झुडपाने जेवणाच्या सुट्टीआधी केलं. मी जागेवरून उठले आणि जिन्यात जाऊन तुला फोन लावला. काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं: "आत्या, पान लागू पडलं!" तू काही बोलली नाहीस. दूध बघायलाही गेली नाहीस. मग हळूच म्हणालीस, "खरंच का गं?" आत्या, या सगळ्या भानगडीत मला झोप येऊ देत नाही ते तुझं फोनवरचं तेवढं गप्प बसणं. सरांनी लेख लिहायला घेतला तेव्हासुद्धा मला एवढं दडपण आलं नव्हतं.

आता मुख्य प्रकरण. असा प्रयोग एकदा होऊन चालत नाही, पुन्हा पुन्हा तसाच व्हावा लागतो. दुसऱ्यांदा केला, आकडा खाली आला पण पहिल्याइतका नाही. तिसऱ्यांदा त्याहून कमी. मी बाटली कपाटातून काढून हातात घेतली आणि मला वाटलं, रंग थोडा उतरला आहे. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असेल. मी तुझी भाची. माझ्या मनात पहिला विचार आला: कुणीतरी यातला अर्क काढून घेतंय आणि वरून पाणी भरतंय.

तू साखरेच्या डब्याला आतून पेन्सिलीने रेघ मारून ठेवायचीस ते आठवतं? साखर किती आहे ते रोज रेघेवरून बघायचीस आणि मग सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघायचीस. मी तेच केलं. बाटलीवर अर्काच्या पातळीशी बारीक रेघ मारली, तारीख घातली. दोन दिवसांनी बघते तर पातळी रेघेला चिकटून आणि रंग आणखी उतरलेला! म्हणजे चोर साधासुधा नव्हता. त्याला रेघ माहीत होती. जेवढा काढत होता तेवढंच पाणी मोजून घालत होता. असा बारकाईने काम करणारा माणूस आमच्या मजल्यावर एकच आहे.

त्याला आम्ही बघूया म्हणतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. चांगली बातमी असो, वाईट असो, आग लागलेली असो, त्याचं उत्तर ठरलेलं, "बघूया." माझा पहिला आकडा शून्यावर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हा यंत्राकडे बघून म्हणाला, "बघूया." त्याचं स्वतःचं एक झाड आहे, नंबर बत्तीस, दीड वर्षं झाली, गुठळ्यांवर काडीचा परिणाम नाही. सत्तेचाळीस नंबर जिंकला तर बत्तीस नंबरचं काय होणार? हेतू सापडला. मी एक वही केली आणि पहिल्या पानावर त्याचं नाव (म्हणजे बघूया) लिहून खाली रेघ ओढली.

पण एकाच माणसावर संशय घेणं हा अन्याय आहे, म्हणून दुसरं पान स्टोअरकीपरला दिलं. कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात आणि त्याला सांधेदुखी आहे. मी एकदा त्याच्यासमोर बोलून गेले होते की हे पान कशाकशावर चालेल सांगता येत नाही. त्यानंतर तो जिना भराभर चढताना दिसला. तिसरं पान साफसफाईच्या बाईंना. चोराची बोटं उमटावीत म्हणून मी बाटलीभोवती टाल्कम पावडर भुरभुरून ठेवायचे आणि बाई रोज सकाळी ती पुसून टाकायच्या. रोज! पुरावा नष्ट करण्यातलं हे सातत्य मला फार खटकलं. शेवटी मी त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही माझ्या बाटलीभोवतीची पावडर का पुसता?" तर कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, पुसायचा पगार घेते मी. तुम्ही सांडायचा घेता वाटतं?"

चौथं पान... आत्या, उशी नीट आहे ना? चौथं पान तुझं होतं. रागावू नकोस. मला वाटलं, पहिली पिशवी तू झुडपाची दिलीस, पण नंतर पार्सलने जी पानं पाठवलीस त्यांत झुडूप बोडकं होऊ नये म्हणून कुंपणाची पानं मिसळली असशील. (तू पाहुण्यांच्या आमटीत पाणी कसं वाढवतेस ते मी पाहिलेलं आहे.) मी तुझ्या पार्सलातली पाच पानं काढून खालच्या मजल्यावरच्या वनस्पतितज्ज्ञांकडे गुपचूप नेली. त्यांनी भिंगाखाली धरून लिहून दिलं की पाचही पानं एकाच झाडाची, निर्भेळ. तो कागद मी जपून ठेवला आहे. आपल्या घराण्यात कुणाकडेही असं लेखी प्रमाणपत्र नाही, तुला हवं असेल तर पाठवते.

मग मी ठरवलं की बाटली कपाटात ठेवायचीच नाही. कपाट म्हणजे अंधार आणि अंधारात काय चालतं कुणाला कळतंय? ती मी माझ्या टेबलावर, अगदी खिडकीपाशी आणून ठेवली. दिवसभर लख्ख उजेड, चारी बाजूंनी दिसणारी बाटली आणि तिच्यावर माझी नजर. आणि सांगते, चोराची कमाल! माझ्या डोळ्यांसमोर, भर दिवसा, कपाटातल्यापेक्षा दुप्पट वेगाने बाटली फिकी पडायला लागली. आठवड्यात हिरव्याची पिवळट झाली. मी झाकणावर स्वतःचा केस आडवा चिकटवला. बुडाखाली कागदाचा चतकोर ठेवला. नंतर मेणाने तोंड बंद केलं. मेण शाबूत, रेघ शाबूत आणि रंग मात्र गेलेला. त्या अर्काचा प्रयोग केला तर यंत्राचा आकडा ढिम्म हलेना. म्हणजे औषध गेलं होतं. कुणीतरी मेणाच्या आतून औषध चोरत होतं.

शेवटी मी पाळत ठेवली. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की कपाटाच्या मागे स्टूल टाकून बसायचं, डबा मांडीवर, झाकण न वाजवता खायचं. तिसऱ्या दिवशी पावलं वाजली. बघूया! तो माझ्या टेबलापाशी आला, बाटली उचलली, खिडकीकडे धरून डोळे बारीक करून पाहिली आणि स्वतःशीच म्हणाला, "बघूया." मी तोंडातल्या घासासकट बाहेर उडी मारली. डबा पडला. तो बिचारा इतका दचकला की बाटली छातीशी धरून भिंतीला टेकला.

"काय करताय?" मी ओरडले.

"रंग बघतोय," तो म्हणाला. "तुम्ही ही बाटली उन्हात का ठेवली आहे?"

आत्या, त्याने मला उत्तर दिलं होतं. सगळ्या प्रकरणाचं उत्तर, सात शब्दांत, प्रश्नाच्या रूपात. आणि मी काय केलं? वही काढली, त्याच्या पानावर तारीख टाकली आणि लिहिलं: "रंगेहाथ सापडला असता विषय बदलतो." मग जमिनीवरचा भात पुसून घेतला. (बाईंना सांगायची माझी हिंमत नव्हती.)

इथवर पानं एक ते चार झाली आणि माझ्याकडे गुन्हेगार चार होते, पुरावा शून्य. सरांचा लेख लिहून झाला होता. पुढच्या सोमवारी तो पाठवायचा होता. तुझं पत्रही आलेलं होतं. मग मी एक गोष्ट केली जी तुला सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी मंगळवारी सकाळी अकराला तुमच्याकडे फोन केला. मंगळवारी अकराला तू बाजारात असतेस हे मला पक्कं माहीत होतं. मला आतोबांची उलटतपासणी घ्यायची होती, की खरं सांगा, आत्याने पानं कुठून तोडली? (तज्ज्ञांच्या कागदावरही माझा विश्वास नव्हता. ते पानांचे तज्ज्ञ आहेत, तुझे नाहीत.)

आतोबांनी फोन घेतला. मी कोण हे सांगितल्यावर खूश झाले. मग तक्रार केली, "तुझी आत्या हल्ली चहा कडू करते गं." मी म्हटलं, असेल, चहा जास्त उकळला असेल. (हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता धरलं आहे. खाली येते त्याच्यावर.) मग त्यांनी विचारलं की तुझं काय चाललंय, आणि मला इतक्या दिवसांत असं कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगत सुटले. नळी, रंग, उजेड, तुझ्या पानाचा काळा-हिरवा अर्क आणि तो घातला की उजेड कसा जातो ते.

आतोबा म्हणाले, "पोरी, मग दिवा विझला की झाकला?"

मी हसले. म्हटलं, विझला, आतोबा. गुठळ्या गेल्या, म्हणून उजेड गेला. "असं होय," ते म्हणाले. मग चष्म्याबद्दल बोलले, समोरच्या गॅलरीतल्या कबुतरांबद्दल बोलले. मग पुन्हा म्हणाले, "तू काय करतेस हल्ली?" मी पुन्हा सांगितलं, जरा थोडक्यात. ते म्हणाले, "मग दिवा विझला की झाकला?" मी म्हटलं, विझला. पुन्हा कबुतरं. पुन्हा "तू काय करतेस?" तिसऱ्यांदा दिव्याचा प्रश्न आल्यावर मी जरा कंटाळून, शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं की यंत्र फार नाजूक असतं, ते चुकत नाही. ते शांतपणे ऐकत होते. चाळीस वर्षं ज्या माणसाने लाल दिव्याच्या खोलीत फोटो धुतले त्याला मी उजेड म्हणजे काय ते समजावत होते! बोलून झाल्यावर ते म्हणाले, "रस काळा आहे म्हणालीस ना गं? भिंगापुढे काळी काच धरली तर फोटो काळाच येतो. समोरचा माणूस उठून गेला असं नाही होत." आणि मग, अगदी नव्याने सुचल्यासारखं, चौथ्यांदा: "दिवा विझला की झाकला?"

मी फोन ठेवला. ज्यासाठी केला होता ते विचारलंच नाही.

आत्या, जो माणूस लक्षात ठेवतो तो प्रश्न एकदाच विचारतो. उत्तर मिळालं की गप्प बसतो. आतोबांना उत्तर लक्षात राहत नव्हतं म्हणून त्यांनी चारदा विचारलं आणि माझ्या डोक्यात शिरायला बरोबर चार वेळा लागले. आमच्या मजल्यावर स्मरणशक्ती शाबूत असलेली नऊ माणसं आहेत. त्यांतल्या एकानेही एकही प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.

मी त्याच दुपारी एक सोपा प्रयोग केला, जो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. गुठळ्या पूर्ण झालेली, लख्ख चकाकणारी नळी घेतली. तिच्यात ताजा काळपट अर्क घातला. उजेड गेला, तो पापणी लवायच्या आत. आता दोन दिवस लागून तयार झालेली गुठळी पापणी लवायच्या आत विरघळेल का? साखरसुद्धा विरघळत नाही. मग नळी फिरक्या यंत्रात घालून गरगर फिरवली. तळाशी गुठळ्यांचा गाळ बसला. अर्क न घातलेल्या नळीत जेवढा, अगदी तेवढाच. तुझ्या पानाने गुठळ्यांना हातही लावलेला नव्हता. त्याने फक्त यंत्राच्या डोळ्यांवर हिरवा पडदा धरला होता. आणि बाटली उन्हात विटत गेली तसा पडदा विरत गेला आणि "औषध" उतरत गेलं. चोर नव्हताच. ऊन होतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यातही ते फटीतून यायचंच. आणि बाटली उन्हात नेऊन ठेवणारी मी होते, चोर पकडण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांच्यासमोर लेखाचे कागद होते, वरच्या कोपऱ्यात माझंही नाव होतं. त्यांनी दोन्ही नळ्या खिडकीशी धरून पाहिल्या, गाळ पाहिला, खुर्चीत बसले आणि चष्मा काढला. मग म्हणाले, "बघूया." त्यावर दारात उभा असलेला बघूया म्हणाला, "बघितलं." मला वाटतं, दीड वर्षात त्याने केलेला हा पहिला विनोद असावा. मी त्याची माफी मागितली. वहीतलं त्याचं पान फाडून त्यालाच दिलं. त्याने ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि कपाटाचा खालचा कप्पा अंधारा असतो, बाटल्या तिथे ठेवत जा, म्हणाला. लेख पाठवलाच नाही. स्टोअरकीपरने सांगितलं की तो जिना भराभर चढतो कारण वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह खालच्यापेक्षा बरं आहे. बाईंना मी काही सांगितलं नाही, पण पावडर बंद झाल्यापासून त्या माझ्याकडे दयेने बघतात.

असं सगळं आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक घे, जिना सावकाश चढ, आतोबांना माझा नमस्कार सांग. पत्र फार लांबलं, तेव्हा आता पुरे करते.

तुझी, (संशय घेण्यात) तुझ्यावर गेलेली,
भाची

ता. क. – तो शब्द राहिला. नाही. पान देऊ नकोस. मला तो शब्द पत्रात लिहवेना म्हणून इथे लिहिला. तीन महिन्यांपूर्वी "लागू पडलं" असं जिन्यातून ओरडले ती मीच, तेव्हा ते परत घेण्याचं कामही माझंच आहे.

ता. क. २ – आणि तू पान सुरू केलेलं आहेस. खोटं बोलू नकोस. "हल्ली चहा कडू." तू विचारतेस ती नेहमी करून झाल्यावर. चहात काय घालतेस, किती घालतेस, ते एका कागदावर लिही, तो कागद घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा आणि बंद केलेल्या गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते त्यांनाच विचार. (बंद केल्या आहेस, हेही मला माहीत आहे. "करू का?" ही तुझी जुनी पद्धत.) मळमळ होते तर तसं सांग, वेळ बदलून देतील, गोळी बदलून देतील. त्या गोळ्या गेलेलं परत आणत नाहीत, आत्या, कुणाच्याच आणत नाहीत अजून. जाणाऱ्याला थोडं रेंगाळत ठेवतात. पण त्यांची तपासणी माझ्याहून शहाण्या लोकांनी केली आहे.

ता. क. ३ – पत्राच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस की गेल्या मंगळवारी त्यांनी न विचारता वार बरोबर सांगितला. मी ते वाचलं होतं. सातही वेळा. तो वार त्यांनीच ओळखला. झुडपाला त्याचं श्रेय देऊ नकोस, ते त्यांचं आहे.

ता. क. ४ – झुडूप उपटू नकोस. त्याचा काही दोष नाही.

ता. क. ५ – साखर मी खात होते. खाल्ली की आधीची रेघ खोडरबराने पुसायची आणि साखरेच्या पातळीशी नवी मारायची. तू चार वर्षं माझ्या हातच्या रेघेवरून सगळ्यांची तोंडं तपासलीस आणि धाकट्या काकांना बोल लावलास. म्हणूनच बाटलीवरची रेघ जागेवर दिसली तरी मला चोर दिसत राहिला.

ता. क. ६ – आम्ही आता दुसरा लेख लिहितो आहोत. गडद अर्क यंत्राला कसा फसवतो आणि ते आधीच कसं ओळखायचं, याबद्दल. सर म्हणतात, आणखी किती जणांच्या बाटल्या अशाच "लागू पडल्या" असतील कोण जाणे. त्याच्या शेवटी आभार असतात, त्यात छापून येईल: "मूळ प्रश्न विचारल्याबद्दल एका निवृत्त छायाचित्रकाराचे." हे आतोबांना वाचून दाखव. ते विसरतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखव, पहिल्यांदाच कळल्यासारखे खूश होतील. रोज दाखवलंस तरी चालेल. आणि ते तोच तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागले तर "आत्ताच सांगितलं ना" म्हणू नकोस. मला फोन लाव आणि त्यांच्या हातात दे.